शेवटचा अंक कोणाच्या भरवशावर?

अकरावीच्या प्रात्यक्षिकांच्या पहिल्या महिन्यात जर्नले तपासायला घेतली की एक उत्तर हमखास समोर येते. पितळी वृत्तचितीचा व्यास व्हर्निअर कॅलिपरने मोजला, तो भरला १.२४ सेंटीमीटर. उंची भरली ३.१६ सेंटीमीटर. मग मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर आकडे घातले आणि घनफळ लिहिले: ३.८१६१०५१६१ घन सेंटीमीटर. सूत्र बरोबर, गुणाकार बरोबर, एककही बरोबर. बहुतेक वेळा त्यावर लाल शाईने बरोबरची खूण होते आणि पान उलटले जाते.

या उत्तरातला शेवटचा १ काय सांगतो ते पाहू. दशांशचिन्हानंतरच्या नवव्या स्थानावरचा एक म्हणजे ज्याची प्रत्येक बाजू एक शतांश मिलिमीटर आहे असा घन. माणसाचा केससुद्धा त्याच्या कितीतरी पट जाड असतो. आणि ज्या व्हर्निअरवर हे मोजमाप झाले, त्याचे लघुतम माप आहे एक दशांश मिलिमीटर. व्यास १.२४ ऐवजी १.२३ असता आणि उंची ३.१६ ऐवजी ३.१५, तर घनफळ ३.७४ आले असते. दोन्ही मापे तेवढीच पलीकडे सरकली असती, तर ३.८९. म्हणजे त्या दहा अंकांपैकी पहिला पक्का, दुसरा थोडा डगमगता, तिसरा उघड शंकेचा, आणि उरलेले सात अंक कोणीच मोजलेले नाहीत. ते कॅल्क्युलेटरने दिले म्हणून वहीत आले.

हे पुस्तक त्या सात अंकांविषयी आहे. आठवी ते बारावीला विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी ते लिहिले आहे. अभ्यासक्रमात या विषयाला ‘सार्थ अंक’ म्हणतात. अकरावीच्या भौतिकशास्त्रात तो एकके आणि मापन या प्रकरणात येतो, रसायनशास्त्रातही सुरुवातीलाच येतो, आणि त्याच्या वाट्याला एखाददुसरी तासिका पडते. त्या तासिकेत नियम सांगितले जातात: शून्य सोडून सगळे अंक सार्थ, दोन सार्थ अंकांमधले शून्य सार्थ, सुरुवातीची शून्ये सार्थ नाहीत, दशांशचिन्हानंतर शेवटी येणारी शून्ये सार्थ. मग सराव होतो. ०.००२५० मध्ये सार्थ अंक किती? तीन. प्रवेशपरीक्षांच्या प्रश्नसंचात असे प्रश्न असतात, मुले ते पटापट सोडवतात, आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत दहा अंकी घनफळ लिहितात. या दोन गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या आहेत हे त्यांच्या लक्षातच येत नाही. आपण त्यांना अंक मोजायला शिकवलेले असते. ते अंक कुठून येतात हे दाखवायचे राहून जाते.

सार्थ अंक हा मोजमापाचा धडा आहे, आणि हातात पट्टी दिल्याशिवाय तो शिकवता येत नाही. पुस्तकातल्या सगळ्या प्रकरणांचा आधार एवढाच आहे. नियम लागतात, पण मुलांनी स्वतः मोजल्यानंतर, पाहिलेले थोडक्यात लिहून ठेवण्याची सोय म्हणून.

सुरुवात वर्गातल्या एखाद्या बाकापासून करावी. मीटरपट्टीत मावेल एवढ्याच लांबीचा बाक निवडावा. प्रत्येकाने एकट्याने, शेजाऱ्याला न विचारता, तोच बाक मोजून उत्तर चिठ्ठीवर लिहावे एवढेच सांगावे. किती अंकांत लिहायचे ते मुळीच सांगू नये. चिठ्ठ्या फळ्यावर उतरवल्या की कुणाचे ९१ असते, कुणाचे ९१.३, कुणाचे ९१.३५. एखाद्या चिठ्ठीवर ९१.६ असते, कारण लाकडी पट्टीचे शून्याकडचे टोक झिजलेले आहे आणि त्या मुलीने टोकापासूनच मोजले. आणि एखाद्या चिठ्ठीवर असते ९१.०.

या शेवटच्या चिठ्ठीवर थांबण्यासारखे आहे. ज्याने नुसते ९१ लिहिले त्याने मिलिमीटरांबद्दल काहीच म्हटलेले नाही. ज्याने ९१.० लिहिले त्याने मात्र मिलिमीटर पाहिले आणि एकही जास्तीचा सापडला नाही असे सांगितले. विचारल्यावर कळते की त्याने मिलिमीटरच्या खुणा पाहिल्याच नव्हत्या, दशांशचिन्ह असले की उत्तर नीट दिसते म्हणून शून्य जोडले. शून्य लिहिणे हेही एक विधान आहे, आणि विधान केले की त्याला पाहिल्याचा आधार लागतो, ही गोष्ट त्या मिनिटाला वर्गातल्या सगळ्यांना कळते. शेवटच्या शून्यांचा नियम त्यानंतर पाठ करावा लागत नाही.

मग ९१.३५ कडे वळावे. पट्टीवर मिलिमीटरच्या पुढे खुणा नाहीत, मग हा ५ आला कुठून? मुलगी सांगते, बाकाची कड तिसऱ्या आणि चौथ्या खुणेच्या साधारण मध्ये दिसली. हा अंदाज झाला, पण डोळ्यांनी पाहून केलेला अंदाज. त्याला किंमत आहे, कारण तो कड ९१.३१ किंवा ९१.३९ ला नव्हती असे सांगतो. आता दुसऱ्या कुणी ९१.३५२ लिहिले, तर त्या २ च्या मागे पाहणारे कोणीही नाही. खात्रीचे सगळे अंक आणि त्यांच्यापुढचा पहिला शंकेचा अंक, ही सार्थ अंकांची व्याख्या फळ्यावर न लिहिताही मुलांच्या बोलण्यातून निघते. शंकेचा अंक ठेवायचा, त्याच्या पुढचे सोडायचे. शंकेचा अंक का ठेवायचा, असे मुले विचारतातच. त्यात थोडी का होईना माहिती आहे आणि ती फेकून देण्याचा आपल्याला अधिकार नाही, हे त्याचे उत्तर.

फळ्यावरच्या पस्तीस-चाळीस आकड्यांचा पसारा पाहून शिक्षकाला पहिला मोह होतो तो ‘बरोबर’ उत्तर सांगून टाकण्याचा. तो आवरावा. तो पसारा हाच त्या तासाचा ऐवज असतो. एकाच बाकाची, एकाच पट्टीने, प्रामाणिकपणे घेतलेली मापे एवढी पसरतात, हे मुलांनी त्या आधी कधी पाहिलेले नसते. पाठ्यपुस्तकात त्यांना प्रत्येक राशीची एकच किंमत भेटते.

मोठ्या मोजमापांतही असेच होते, आणि त्यासाठी एव्हरेस्टइतके चांगले उदाहरण मला माहीत नाही. भारताच्या महा-त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची पहिली आधाररेषा विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ आखली. पोलादी साखळी उन्हाने प्रसरण पावते, म्हणून ती लाकडी पेट्यांत ठेवून, वर सावली धरून, जवळ तापमापी ठेवून मोजणी झाली आणि लांबीत तापमानाची दुरुस्ती केली गेली. हाच लॅम्बटन १८२३ मध्ये काम चालू असतानाच आपल्या हिंगणघाटला वारला. तिथे त्याची कबर आहे. वर्धा जिल्ह्यातल्या शाळांनी मुलांना एकदा तरी तिथे न्यावे असे मला मनापासून वाटते. त्याच्या मागे जॉर्ज एव्हरेस्ट आणि अँड्र्यू वॉ यांनी ते काम हिमालयापर्यंत नेले. १८४९-५० च्या सुमारास बिहारच्या मैदानातल्या सहा ठिकाणांहून, शंभर मैलांहून अधिक अंतरावरून, ‘शिखर १५’ चे, म्हणजेच आजच्या एव्हरेस्टचे, कोन मोजले गेले. त्यांच्या आकडेमोडीत राधानाथ शिकदार यांचा मोठा वाटा होता. १८५६ मध्ये वॉने उंची जाहीर केली: २९,००२ फूट.

या आकड्याची एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. सरासरी नेमकी २९,००० आली होती, पण लोकांना तो ठोकताळा वाटेल म्हणून दोन फूट वाढवले, अशी ती गोष्ट. सांगायला ती छान आहे आणि शेवटच्या शून्यांची अडचण ती नेमकी दाखवते: नुसते २९,००० वाचून शून्ये मोजलेली आहेत की जागा भरण्यापुरती, हे कळतच नाही. पण सहा ठिकाणांचे आकडे वेगवेगळे पाहिले तर सर्वांत कमी उंची सुमारे २८,९९० फूट, सर्वांत जास्त सुमारे २९,०२६, आणि सहांची सरासरी आपोआपच २९,००२ येते. म्हणून ही दोन फुटांची गोष्ट मुलांना खरी म्हणून सांगू नये. खरी गोष्ट त्याहून मोलाची आहे. सहा मापे छत्तीस फुटांत पसरली होती. अशा सरासरीतला शेवटचा २ शंकेचा आहे हे बाक मोजलेल्या मुलाला लगेच दिसते.

आणि खरी उंची किती? भारतीय सर्वेक्षण विभागाने १९५५ मध्ये २९,०२८ फूट दिली. नेपाळ आणि चीनने मिळून २०२० मध्ये जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर आहे, म्हणजे २९,०३२ फुटांच्या जवळ. १८५६ ची सरासरी तिच्याहून तीस फुटांनी कमी. सहाही ठिकाणांची मापे कमीच भरली होती, एकही वर गेले नाही. हवेच्या थरांतून येताना प्रकाश वाकतो आणि त्या वाकण्याची दुरुस्ती किती करायची हे तेव्हा आजच्याइतके नीट ठाऊक नव्हते. अशी चूक सगळ्या मापांना एकाच बाजूला ओढते, आणि मापे कितीही वाढवली, त्यांची सरासरी कितीही काळजीने काढली, तरी ती निघत नाही. मापे एकमेकांजवळ येणे हा काटेकोरपणा. ती खऱ्या किमतीजवळ येणे ही अचूकता. झिजलेल्या टोकाच्या पट्टीने सगळ्या वर्गाने मोजले असते तर सगळ्यांचे ९१.६ च्या आसपास छान जमले असते आणि कुणालाही शंका आली नसती.

एकीकडे ओढणारी चूक ओळखायला साधन आणि त्याचा परिसर दोन्ही माहीत असावे लागतात. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालू होती. शहरात विजेवरच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने सूक्ष्म मापे बिघडणार हे तिथल्या लोकांनी आधीच ओळखले. नानाभॉय मूस तेव्हा वेधशाळेचे संचालक होते. चुंबकीय मोजणी अलिबागला हलवायचे ठरले, तिथल्या इमारतींसाठी चुंबकीय नसलेला दगड निवडला गेला, आणि १९०४ ते १९०६ या काळात कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मापे घेतली गेली. जुनी आणि नवी मापे जोडता यावीत, जागा बदलल्याने आलेला फरक पृथ्वीतला बदल समजला जाऊ नये, यासाठी ही दुहेरी मोजणी. प्रयोगशाळेत नवा काटा आला की जुना लगेच अडगळीत टाकू नये. तीच वजने दोन्हींवर ठेवून पाहण्यात एक तास घालवावा. अलिबागची गोष्ट त्यानंतर मुलांना समजावून सांगावी लागत नाही.

आता मला ज्या गोष्टीची सर्वांत जास्त काळजी वाटते तिच्याकडे येतो. साध्या लंबकाचा प्रयोग महाराष्ट्रातल्या प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात होतो. दोऱ्याची लांबी, गोळ्याच्या केंद्रापर्यंत, १००.० सेंटीमीटर. वीस आंदोलनांचा वेळ समजा ४०.२ सेकंद. आवर्तकाल २.०१ सेकंद, आणि गुरुत्व त्वरण येते ९.७७. इथे विद्यार्थी थांबतो. पुस्तकात ९.८१ आहे, मागच्या वर्षीच्या जर्नलमध्ये ९.८१ आहे, तोंडी परीक्षेत विचारले तर ९.८१ सांगायचे आहे. तो खोडरबर घेतो आणि ४०.२ चे ४०.१ करतो. मुलांच्या भाषेत ‘रीडिंग जुळवणे’. काही वर्गांत ते इतके रुळले आहे की उत्तरापासून उलटे जाऊन निरीक्षण तक्ता भरण्याची पद्धत मोठी मुले लहानांना शिकवतात.

पण महाराष्ट्रात गुरुत्व त्वरण ९.८१ नाही. ते अक्षांशानुसार बदलते. लंडन-पॅरिसकडे ते ९.८१ च्या आसपास असते, विषुववृत्तावर ९.७८. आपल्या मुंबईत ते ९.७९ आहे, आणि उंचावरच्या पुण्यात ९.७८. म्हणजे ज्याने ९.७७ मोजले त्याचा आकडा खऱ्याच्या अधिक जवळ होता, आणि पुस्तकाच्या धाकाने त्याने तो खऱ्यापासून दूर नेला. विज्ञानाच्या वर्गात याहून वाईट काय घडू शकते ते मला सुचत नाही. मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट खोडली, आणि त्याबद्दल त्याला पूर्ण गुण मिळाले.

यात सार्थ अंकांचा संबंध थेट आहे. थांबघड्याळ दाबताना हाताला लागणारा वेळ धरला तर वीस आंदोलनांच्या वेळात ०.२ सेकंदांची शंका सहज राहते, मोबाइलच्या घड्याळाने शतांश सेकंद दाखवले तरीही. वेळ ४०.० धरला तर त्वरण ९.८७ येते, ४०.४ धरला तर ९.६८. तेव्हा या प्रयोगाचे प्रामाणिक उत्तर आहे ९.८, कमीजास्त ०.१. या उत्तरात ९.७७ही मावते, ९.७९ही आणि ९.८१ही. मग जुळवायचे काय उरले? मुलाला शंका लिहायची परवानगी दिली की खोटे लिहायचे कारणच निघून जाते. आपण फक्त एक बिनशंकेचा आकडा मागतो, म्हणून तो पुस्तकातला आकडा आणून देतो.

आणि एखाद्या हुशार वर्गाला पुढचा प्रश्न जरूर द्यावा: आपल्या गावातले ९.७९ आणि पुस्तकातले ९.८१ वेगळे आहेत हे आपल्या लंबकाने दाखवता येईल का? वीस आंदोलनांत नाही. शंभर मोजली तर दोनशे सेकंदांत तीच ०.२ सेकंदांची शंका विभागली जाते आणि उत्तरातली शंका ०.०२ वर येते, फरक दिसण्याच्या उंबरठ्यावर. पण मग लांबीही मिलिमीटरपेक्षा चांगली मोजावी लागते, दोरा ताणला जातो का पाहावे लागते, झोका लहान ठेवावा लागतो. असा प्रश्न मिळालेली मुले तास संपल्यावरही प्रयोगशाळेतून हलत नाहीत.

जुळवलेल्या आकड्यांत काय हरवते हे सांगायला लॉर्ड रॅले यांचे काम वर्गात सांगावे. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते वायूंची घनता मोजत होते. हवेतून ऑक्सिजन वगैरे काढून उरलेल्या नायट्रोजनची घनता येत होती लिटरला १.२५७२ ग्रॅम. रासायनिक संयुगांतून मिळवलेल्या नायट्रोजनची येत होती १.२५०५. फरक अर्ध्या टक्क्याचा. दोन सार्थ अंकांत दोन्ही १.३ आहेत. तीन अंकांपर्यंत गेले तर १.२६ आणि १.२५, जो फरक कुणीही प्रयोगातली चूक म्हणून सोडून दिला असता. रॅले यांनी सोडला नाही, कारण आपल्या तराजूवर आणि आपल्या चौथ्या अंकावर किती विसंबायचे हे त्यांना मोजून माहीत होते. १८९२ मध्ये त्यांनी ‘नेचर’ मध्ये पत्र लिहून आपल्याला हा फरक समजत नाही, कुणाला कारण सुचते का, असे विचारले. दोन वर्षांनी विल्यम रॅम्से यांच्यासह त्यांनी उत्तर दिले: हवेत आजवर कोणाच्या लक्षात न आलेला एक वायू होता, आरगॉन. आपल्या प्रत्येक श्वासात तो जवळजवळ एक टक्का असतो. १९०४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल रॅले यांना आणि रसायनशास्त्राचे रॅम्से यांना मिळाले. हे सारे उभे होते तिसऱ्या-चौथ्या सार्थ अंकावर, तो खरोखर सार्थ होता म्हणून.

आपल्याकडे बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालते. चार अंकी लॉग टेबलाने नकळत एक शिस्त लावली होती: चारपेक्षा जास्त अंक त्यातून निघतच नसत. त्याचे कारण मात्र कुणाला शिकवले गेले नाही. म्हणून कॅल्क्युलेटर हाती आला तशी ती शिस्त एका दिवसात गेली. कॅल्क्युलेटरवर बंदी घालावी असे मी म्हणत नाही. मधल्या पायऱ्यांत जास्तीचे अंक जरूर बाळगावेत, तिथे घाईने पूर्णांकन केले तर चुका साचत जातात. उत्तर लिहिताना मात्र एकदा थांबून मूळ मापांकडे मागे वळून पाहावे, एवढी सवय लागली पाहिजे.

ही सवय नसली की मोठ्यांच्या जगातही जास्तीचे अंक चिकटून राहतात. ताप मोजायच्या काचेच्या तापमापीवर ९८.६ ला बाण असतो. जर्मन वैद्य कार्ल वुंडरलिख यांनी हजारो रुग्णांच्या नोंदींवरून १८६८ मध्ये माणसाच्या शरीराचे सर्वसाधारण तापमान ३७ अंश सेल्सिअस असे मांडले. ते फॅरनहाइटमध्ये बदलताना ९८.६ झाले, आणि दोन अंकांच्या गोलसर आकड्याला तिसरा अंक आयता मिळाला. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यांनी निरोगी माणसांची तापमाने पुन्हा मोजली तेव्हा सरासरी ९८.२ आली. माणसामाणसांत आणि सकाळ-संध्याकाळमध्ये यापेक्षा जास्त फरक पडतो. तरी ९९ दिसले की घरात काळजी सुरू होते. एकक बदलल्याने मापाचा काटेकोरपणा वाढत नाही हे शिकवायला याहून घरचे उदाहरण शोधायला नको.

आता नियमांच्या मर्यादांविषयी, कारण काही शिक्षक त्या ओळखून आहेत आणि त्यांना टाळाटाळीचे उत्तर देणे योग्य नाही. ९८ मध्ये दोन सार्थ अंक आणि १०२ मध्ये तीन. पण दोन्हींतली शंका एकाची असेल तर दोन्ही साधारण एका टक्क्यापर्यंतच खात्रीचे आहेत. अंक मोजण्याचा नियम त्यांना उगाच वेगळे ठरवतो. लंबकाच्या उदाहरणात नियमाने तीन अंकी ९.७७ लिहायला हरकत नाही, शंका प्रत्यक्ष काढली तर मात्र ९.८ वरच थांबावे लागते. म्हणून सार्थ अंक सोडून थेट अनिश्चितताच शिकवावी असा एक विचार आहे, आणि तो वजनदार आहे. माझे मत थोडे वेगळे आहे. आठवी-नववीच्या मुलाला टक्केवारीची त्रुटी काढायला लावणे लवकर होते, पण ‘हा अंक मी पाहिला का’ हा प्रश्न त्याला झेपतो. नियम ठेवावेत, पण ते ढोबळ आहेत हे त्याच दिवशी सांगावे. शिवाय मोजदादीचे आकडे वेगळे काढून दाखवावेत. वीस आंदोलने म्हणजे नेमकी वीस, आणि परिघाच्या सूत्रातला २ नेमका दोन. त्या २ मध्ये एकच सार्थ अंक आहे म्हणून उत्तर एका अंकात आणणारी मुले दरवर्षी भेटतात, आणि नियमाशी ती पूर्ण इमान राखून असतात.

हे सगळे परीक्षेपुरते नाही. वर्गातली कितीतरी मुले अशा घरांतून येतात जिथे रोज सकाळी आई किंवा वडील डेअरीवर दूध घालतात. तिथे यंत्र फॅट दाखवते ३.५, एसएनएफ ८.५, आणि एका पॉइंटने, म्हणजे एक दशांशाने, दर खाली-वर होतो. तेच दूध त्याच यंत्रात लगेच दुसऱ्यांदा घातले तर तोच आकडा येतो का? यंत्र शेवटचे कधी आणि कशाशी ताडून पाहिले होते? उसाच्या ट्रॅक्टरखालचा वजनकाटा किती किलोंच्या टप्प्याने वाचतो? हे प्रश्न शंका घेण्यासाठी नाहीत, ते मोजमापाचे साधे प्रश्न आहेत. ज्याला सार्थ अंक खरेच कळले आहेत असा नववीतला मुलगा ते शांतपणे आणि आदराने विचारू शकतो. त्या दशांशावर त्याच्या घराचा महिना चालतो, तेव्हा विचारण्याचा त्याला हक्कही आहे.

पुस्तकाची रचना याच क्रमाने आहे. पहिली प्रकरणे पट्टी, तराजू, तापमापी आणि घड्याळ यांची, मग व्हर्निअर आणि स्क्रू गेज, त्यांच्या शून्य त्रुटीसह. सार्थ अंकांचे नियम त्यानंतर येतात, आणि ते आधी का नाहीत असे कुणी विचारले तर वर लिहिलेले सारे हेच त्याचे उत्तर. बेरजेत दशांशस्थाने पाहायची आणि गुणाकारात सार्थ अंक, हा फरक मुलांना सर्वांत जास्त गोंधळात टाकतो म्हणून त्याला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. शेवटच्या भागात गुणदानाचा विचार आहे. प्रात्यक्षिकाच्या गुणांपैकी काही गुण उत्तरासाठी न ठेवता शंका किती आणि ती का, एवढ्या एका वाक्यासाठी ठेवावेत, अशी सूचना मी केली आहे. ज्यांना बोर्डाच्या गुणपत्रिकेत बदल करता येत नाही त्यांना निदान वर्गातल्या चाचणीत ती करून पाहता येईल.

निरीक्षण तक्ते पुस्तकात मुद्दाम कोरे ठेवले आहेत, नमुन्याची उत्तरे कुठेच दिलेली नाहीत. पहिल्या प्रकरणासाठी लागेल एक बाक, चार-पाच मीटरपट्ट्या, त्यांतली एक जमले तर टोकाला झिजलेली, आणि प्रत्येक मुलासाठी कागदाची एक चिठ्ठी. चिठ्ठ्या घडी घालून गोळा कराव्यात आणि सगळ्या आल्याशिवाय एकही उघडू नये.